पायरीवरची मुलगी

“...आणि मग तिनं बक्षिसाचा तो स्टीलचा डबा माझ्यापुढं धरला,” मी म्हणालो आणि नेहमीच्या जागी थांबलो.

इथं थांबायचं, हे मला दहा वर्षांच्या सवयीनं पक्कं ठाऊक होतं. इथं थांबलं की बाहेरच्या नळाची टिपटिपसुद्धा वर्गात ऐकू यायची. मग आवाज जरा खाली आणायचा आणि पुढचं सांगायचं.

“म्हणाली, ‘बाबा, हा घ्या. विका, मोडा, काय करायचं ते करा. पण आधी घरी चला.’ दुपारी चारपासून पोरगी शाळेच्या पायरीवर बसलेली. बाकीची पोरं आपापल्या आईबापांबरोबर कधीच गेलेली. शिपाई कुलूप घेऊन दोनदा येऊन गेलेला. आणि मी आलो तो झुलत. मी काय केलं? पोरीला तिथंच शिपायाजवळ सोडलं आणि डबा घेऊन गुत्त्यावर गेलो.”

मागच्या बाकावर कुणीतरी नाक ओढलं. तेही नेहमीच्याच जागी.

“ती पायरी मला अजून दिसते. प्यावंसं वाटलं की मी डोळे मिटतो आणि त्या पायरीवर बसलेल्या माझ्या पोरीकडं बघतो. म्हणून मी आज इथं उभा आहे.”

टाळ्या पडल्या. मी डोळे पुसले. खरंच पाणी आलं होतं, नाटक नव्हतं ते. मग दुसऱ्या बाकावर बसलेल्या माझ्या पोरीकडं, पल्लवीकडं, बघितलं. ती रडत नव्हती. माझ्याकडं बघतही नव्हती. भिंतीवरचा पाढ्यांचा तक्ता ती वाचत होती, जणू उद्या तिची परीक्षा आहे.

मी सदाशिव म्हेतर. आमच्या दारू सोडणाऱ्यांच्या गटात आडनाव सांगत नाहीत, पण आता लपवण्यासारखं काही राहिलं नाही. इचलकरंजीत मी यंत्रमागांचा जॉबर होतो, म्हणजे माग बिघडला की पाना घेऊन त्याच्या पोटात शिरणारा माणूस. आज दारू सोडून मला चोवीस वर्षं झाली. मी सांगतोय तो जानेवारीतला रविवार दहाव्या वर्षाचा. त्या रविवारपासून पुढच्या रविवारपर्यंतचा आठवडा मी कसा काढला ते माझं मला ठाऊक. तसा दुसरा आठवडा नंतर आला नाही आणि न आलेलाच बरा.

आमचा गट दर रविवारी सकाळी नगरपालिकेच्या एका शाळेत, सातवीच्या वर्गात भरतो. ड्रायव्हर, माग चालवणारे, मागांचे मालक, कचेरीतले कारकून, सगळे पोरांच्या बाकांत गुडघे दुमडून बसतात. एकेकानं उठायचं, नाव सांगायचं, मी मद्यपी आहे म्हणायचं आणि आपली गोष्ट सांगायची. बस्स, एवढंच औषध. सांगणाऱ्याला कुणी अडवायचं नाही, प्रश्न विचारायचे नाहीत, ऐकलेलं बाहेर न्यायचं नाही. ज्या तारखेला दारू सोडली तो आमचा वाढदिवस. त्या दिवशी घरच्यांना आत यायला मुभा असते आणि घरातल्याच कुणीतरी छातीला बिल्ला लावायचा असतो.

नऊ वाढदिवस झाले, पल्लवी एकदाही आली नव्हती. बायको, सुनंदा, यायची, पण माझं बोलणं होईपर्यंत बाहेर चहाचं बघायची आणि बिल्ला लावायलाच आत यायची. पल्लवीला विचारलं की तिला हमखास काहीतरी काम निघायचं. त्या वर्षी तिला पुण्याला एका रक्ततपासणीच्या लॅबमध्ये नोकरी लागली होती, पुढच्या सोमवारी जायचं होतं. सुनंदा तिला म्हणाली, “जायच्या आदी एकदा तरी जा की. बापाचं मन राहील.” तेव्हा कुठं ती तयार झाली.

बिल्ला लावताना तिचे हात गार होते. दोन शब्द बोल म्हटल्यावर ती “अभिनंदन” म्हणाली आणि जाऊन बसली. हे मला खटकलं. पण केक, चहा, खारी, पाठीवर थापा, त्या गडबडीत मी ते दाबून टाकलं.

परत येताना मी तिच्या स्कूटीवर मागं बसलो होतो. घराकडं वळायचं सोडून तिनं गाडी मागांच्या गल्लीत घातली आणि दोन शेडच्या मधोमध उभी केली. दोन्ही बाजूंनी खटाखट चालू. आमच्या गावात गुपित बोलायला यापरतं ठिकाण नाही. मागाच्या आवाजात जन्म गेलेली माणसं एकमेकांचे ओठ वाचतात, आणि तिसऱ्याला काही कळत नाही.

“अप्पा, ती पोरगी कोण?”

“कुठली?”

“पायरीवर बसलेली.”

मी हसलो. “तूच की.”

“मी नव्हे.”

“लहान होतीस गं. विसरली असशील.”

“बारा वर्षांची होते. बारा वर्षांची पोरगी काही विसरत नाही, अप्पा. मला कधी डबा मिळालेला नाही. हस्ताक्षरात पहिली आले होते, शाईचं पेन मिळालं होतं. आणि आमच्या शाळेला पायऱ्या होत्याच कुठं? सायकली चढवायला उतार केला होता नुसता.”

“बरं, उतार असेल. मी तेव्हा कुठल्या शुद्धीत होतो?”

“आणि मी तुम्हाला जन्मात कधी ‘बाबा’ म्हटलंय?”

पल्लवी मला अप्पा म्हणते. बोलायला लागली तेव्हापासून अप्पा. आमच्या अख्ख्या आळीत बापाला बाबा म्हणणारं एक पोर नाही. दहा वर्षं, दर दोन-तीन महिन्यांनी एकदा, मी भर वर्गात उभा राहून ‘बाबा, हा घ्या’ म्हणत होतो, आणि माझ्याच कानाला ते कधी टोचलं नव्हतं.

“मग खरं काय झालं होतं?” मी विचारलं.

तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी नजर खाली घेतली. “ते तुम्हीच सांगा की. दहा वर्षं सांगताय.” आणि तिनं गाडी चालू केली.

घरी सुनंदानं पुरणपोळ्या केल्या होत्या. दोन घास गेले, तिसरा फिरायला लागला. मी उठलो, बसलो, चप्पल घातली, काढली. सुनंदा म्हणाली, “काय झालंय तुमास्नी? ढेकूण चावल्यागत काय करतासा?” मी तात्यांकडं जाऊन येतो म्हणालो आणि निघालो.

तात्या आवटी म्हणजे ज्यांनी मला बोट धरून गटात आणलं ते. दवाखान्यातले निवृत्त कंपाउंडर. स्वतः दारू सोडून त्यांना तेव्हा बावीस वर्षं झाली होती. दारात उन्हाला बसून ते पायाची नखं काढत होते. मी सगळं एका दमात सांगितलं. पोरगी असं म्हणते, डबा नाही, पायरी नाही, बाबा नाही. तात्यांनी नखं एका कागदावर गोळा केली, कागदाची नीट पुडी बांधली आणि म्हणाले,

“आज ना उद्या तू येनारच हुतास.”

“म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?”

“गजाननाची गोष्ट ती. जयसिंगपूरचा गजानन. तुला आठवणार न्हाई. तू दवाखान्यातनं सुटून पयल्यांदा आलास तवा त्यो तुझ्या शेजारच्या बाकावर हुता. तुझं हात असं कापत हुतं की तुझी कपबशी मी धरली हुती. त्यो उठला, आपली गोष्ट सांगितली. सगळ्यांत जास्त तू रडलास. आणि पाचव्या-सहाव्या रविवारी तू उठलास आणि तीच गोष्ट सांगितलीस. डब्यासकट.”

“आणि तुम्ही गप्प बसलात?”

“सगळीच गप्प बसली. सांगणाऱ्याला अडवायचं न्हाई, ह्योच आपला नेम. मला वाटलं, डोकं ताळ्यावर आलं की आपसूक सोडशील. म्हैना गेला, तू प्याला न्हाईस. साल गेलं, प्याला न्हाईस. म्हटलं, भिंत हुबी ऱ्हायली न्हवं? मग पायातली वीट कशाला उपसायची?”

“आणि गजानन?”

“त्यो त्याच उन्हाळ्यात परत प्यायला लागला. दिवाळी बघितली न्हाई त्यानं.”

“त्याची पोरगी?”

तात्यांनी ठावं न्हाई म्हणून मान हलवली. ती पोरगी कुठं असेल, डोळ्यांसमोर पायरी घेऊन ती कुठल्या गावात संसार करत असेल, हे माझ्या मनात तेव्हा आलं नाही, ते नंतर आलं. तेव्हा मला माझीच पडली होती.

“मग तात्या, माझं काय झालं होतं?”

“मला कसं ठावं असंल? तू कवा सांगितलंसच न्हाईस.”

हे मात्र खरं होतं. दवाखान्यात मला झटके आले होते आणि त्याआधीचे तीन-चार आठवडे साफ पुसले गेले होते. डॉक्टर म्हणाले होते, आलं तर येईल, नाही तर सोडून द्या. मी कशाला सोडतोय? त्या भोकात मला हाताशी सापडलेली पहिली गोष्ट मी बसवून टाकली होती. जॉबरचं कामच ते. एका मागाचा भाग मिळाला नाही की दुसऱ्या मागाचा काढून बसवायचा. माग चालतो, मालक खूश.

तात्यांच्या घरून निघालो. घराकडं जायला डावीकडं वळायचं होतं, पाय उजवीकडं वळले. मला कळत होतं. दहा वर्षं मी त्या रस्त्यानं जायचं टाळत होतो आणि तरी कुठल्या दुकानाशेजारी कुठली पायवाट आहे ते पायांना पाठ होतं. परमिट रूमच्या दाराला हिरवा पडदा होता. पूर्वी निळा असायचा. मी आत जाऊन कोपऱ्यात बसलो. रविवारची दुपार, दोन-तीनच टेबलं भरलेली. वेटरनं शेंगदाण्याची बशी ठेवली आणि म्हणाला, “काय देऊ, काका?”

मी डोळे मिटले, सवयीनं. पायरी आली, डबा आला, आणि त्यांच्यामागं एक अनोळखी पोरगी आली. पल्लवीचा चेहरा तिच्यावर बसेना. मला भयंकर भीती वाटली. मग इतकी वर्षं प्यालो नाही तो कोण? ज्या पोरीसाठी मी सोडली ती पोरगी दुसऱ्याची. रडलो ते दुसऱ्याच्या वाटचं. छातीवरचा बिल्लासुद्धा गजाननचा निघाला. अजून तो शर्टावर होता, आणि वेटर त्याच्याकडं कुतूहलानं बघत होता.

मग एक साधा विचार आला आणि त्यानंच मला उठवलं. पोरीला माहीत आहे. काय झालं ते जगात एका माणसाला तरी माहीत आहे आणि ते माणूस आत्ता माझ्या घरात बसलेलं आहे. आज मी प्यालो तर ती सांगेल तेही पुसलं जाईल. परत भोक, परत कुणाचा तरी भाग काढून बसवायचा. मी शेंगदाणे तसेच ठेवले आणि पडदा सारून बाहेर आलो. जवळजवळ पळतच घरी गेलो. वाटेत एकानं हाक मारली, त्याला ओ दिली नाही.

सुनंदा शेजारी हळदीकुंकवाला गेली होती. पल्लवी जमिनीवर बसून बॅग भरत होती. मी तिच्यासमोर बसलो. सगळं सांगितलं, गजाननचं, तात्यांचं. परमिट रूमचंही सांगितलं. ते ऐकताना तिचा हात थांबला.

“मला माझं काही आठवत नाही, पल्लवी. सोंग नाही करत. तू सांग.”

“खरंच आठवत नाही?”

“नाही.”

“काहीच नाही? भडंग?”

“कसलं भडंग?”

तिनं हातातला ड्रेस घडी घातला, मोडला, परत घातला. “मला वाटलं होतं, तुम्ही मला वाचवायला ती दुसरी गोष्ट रचलीत. सकाळी तुम्ही बोलायला लागलात तेव्हा सुटल्यासारखं झालं. मग राग आला. आता काय वाटतंय ते कळेना झालंय.”

“सांग की गं.”

“सातवीत होते. वर्गात मी सांगितलं होतं की माझे वडील भिवंडीला असतात. मागावर मोठे जॉबर आहेत, दिवाळीला येतात. सगळ्यांना खरं वाटायचं. मला पण वाटायचं कधीकधी. भिवंडीचे अप्पा मला पत्र पाठवायचे. मीच लिहायची ती पत्रं, हस्ताक्षर बदलून.” ती जरासं हसली. “उगीच नाही पहिली आले.”

तिनं घडी घातलेला ड्रेस बॅगेत ठेवला.

“डिसेंबरात बक्षीस समारंभ होता. मी घरी सांगितलंच नव्हतं. आईला कुठनं तरी कळलं. आणि तुम्ही आलात. प्यायला नव्हतात. पांढरा शर्ट, इस्त्रीचा. दाढी केलेली, इथं कापलेलं. हातात भडंगाचा पुडा. कार्यक्रम संपला आणि तुम्ही सरळ माझ्याकडंच आलात. कोरे सर उभे होते, चार मैत्रिणी होत्या. सरांनी विचारलं, हे कोण? आणि मी म्हटलं, शेजारचे काका.”

गल्लीत कुणाच्या तरी घरी रेडिओ लागला होता. तिनं उठून खिडकी लावली आणि परत बसली.

“मी?” मी विचारलं. “मी काय केलं?”

“तुम्ही माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. सरांना नमस्कार केलात. म्हणालात, ‘होय सर, शेजारीच राहतो मी. हिचे वडील भिवंडीला असतात. बक्षिसाचं कळलं, त्यांनी निरोप धाडला, पोरीला भडंग आवडतं, नेऊन दे म्हणून.’ मला हाक मारून पुडा दिलात. ‘वडलांना पत्र लिही हां बाळ,’ म्हणालात. आणि गेलात. फाटकाबाहेर जाऊन एकदा वळून बघितलंत. मी बघितलं नाही असं दाखवलं.”

“मग?”

“मग काय. बारा दिवस तुम्ही घरी आला नाहीत. तेराव्या दिवशी दवाखान्यातनं निरोप आला. डॉक्टर आईला म्हणाले, वाचले तर नशीब. मी बाहेर बाकावर बसले होते, मला ऐकू आलं.” तिचा आवाज आता चिरकला. “कसं कळलं तुम्हाला, अप्पा? भिवंडीचं मी घरात कधीच कुणाला सांगितलं नव्हतं. तुम्ही कसं काय लगेच तेच बोललात?”

मला ठाऊक नव्हतं. गल्लीतल्या कुठल्या तरी पोरीनं बापाला सांगितलं असेल, बापानं मला चिडवलं असेल. आमच्या गावात असल्या गोष्टी उडत यायला वेळ लागत नाही. पण हे मी रचत होतो, आठवत नव्हतो.

“नऊ वर्षं मी तिथं आले नाही ते याचसाठी,” ती म्हणाली. “मला वाटायचं, तुम्ही तिथं तेच सांगत असणार. माझ्या पोरीनं मला काका म्हटलं, म्हणून मी मरणाची प्यालो. मी आत आले की सगळे वळून बघतील. हीच ती.” मग तिनं बॅग बाजूला सारली. “मला एकच सांगा. तेव्हा तुम्हाला काय वाटलं होतं? फाटकाबाहेर वळलात तेव्हा? रागावला होतात?”

खरं सांगतो, उत्तर माझ्या तोंडात तयार होतं. दहा वर्षं मी लोकांसमोर बोललेला माणूस. कुठं थांबायचं, कुठं आवाज खाली आणायचा, सगळं जमतं मला. ‘राग नव्हता आला गं पोरी. तुझ्याकडं बघून वाटलं, या पोरीनं माझ्यापेक्षा चांगला बाप स्वतःच तयार करून घेतलाय. त्याला धक्का लावायचा नाही.’ असं म्हटलं असतं तर ती माझ्या गळ्यात पडली असती. दोघंही रडलो असतो. आणि तसंच असेलही कदाचित. कुणी सांगावं?

“आठवत नाही, पल्लवी,” मी म्हणालो.



“खोटं तरी बोलायचं की, अप्पा.”

“बोलणार होतो.”

“मग?”

“मग ती परत दुसऱ्याचीच गोष्ट झाली असती.”

ती उठली, बॅग घेऊन आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. मी तिथंच बसलो. माझ्या हातून आयुष्यात एक गोष्ट धड झाली होती. उभ्या उभ्या मी माझ्या पोरीची अब्रू राखली होती. दहा वर्षं मी दुसऱ्याच्या नालायकपणाच्या गोष्टी सांगत हिंडलो, आणि ही एवढी एक माझी होती, तिच्याजागी माझ्याकडं नुसतं भोक. मला आनंद व्हायला हवा होता. मला इतकं एकटं कधी वाटलं नव्हतं.

सुनंदा वाणाची वाटी घेऊन आली. मी तिला पांढऱ्या शर्टाचं विचारलं.

“व्हय की,” ती म्हणाली. “इस्त्री मीच केलती. तुमचं हात कापत हुतं, बटणं बी मीच लावली. शाळेत जाऊन येतो म्हनून गेलासा, ते गेलासाच. का हो?”

“कुठं आहे तो शर्ट?”

“दहा सालामागचा शर्ट? फडकं करून संपला की.”

तो आठवडा कसा गेला सांगू? कारखान्यात एका मागाचा नट मी इतका आवळला की आटे गेले. दुसऱ्या मागाखाली गेलो आणि कशासाठी आत आलो ते विसरून तसाच पडून राहिलो. जेवायच्या सुट्टीत तीनदा पल्लवीच्या त्या जुन्या शाळेपर्यंत जाऊन आलो. फाटकाबाहेर उभा राहायचो आणि वळून बघायचो. काही येतंय का बघायचो. उतार होता, तिनं सांगितलं तसाच. सायकली होत्या. पोरं घंटा झाली की बाहेर सांडायची. मी तिथं होतो हे मला कळत होतं, पण मला मी दिसत नव्हतो. शुक्रवारी तिथल्या शिपायानं विचारलं, “कुणाला न्यायला आलासा?” मी तसाच निघून आलो.

घरात पल्लवी कामापुरतं बोलत होती. चहा घ्या, किल्ली कुठं आहे, एवढंच. सोमवारी सकाळच्या गाडीचं तिचं तिकीट होतं. ती अशीच गेली तर, हे एकच माझ्या डोक्यात घणासारखं वाजत होतं.

रविवारी मी गटात गेलो. वाढदिवस नव्हता, त्यामुळं फक्त आम्हीच, घरचे नाहीत. दार लावलेलं. माझी पाळी नव्हती तरी मी उठलो.

“मी सदाशिव, मी मद्यपी आहे,” मी म्हणालो. “मी तुम्हाला दहा वर्षं जी गोष्ट सांगितली ती गजाननची आहे. जयसिंगपूरच्या गजाननची. त्याला एक मुलगी होती आणि तिनं खरंच त्याला डबा दिला होता. ज्यांनी गजाननला ऐकलंय त्यांना ठाऊक आहे. मी ती चोरली नाही, पण माझ्याकडं सापडली, म्हणून परत करतो.”

तात्या खाली बघत होते.

“माझी गोष्ट मला येत नाही. माझ्या मुलीला येते. तिनं सांगितली तशी सांगतो. मध्ये मी काही घातलं तर ते माझं, खरं नाही असं समजा.”

मग मी भिवंडीचे अप्पा सांगितले, भडंग सांगितलं, शेजारचे काका सांगितले. वाईट सांगितली मी. कुठं थांबायचं तेच कळेना. मधेच मागचं राहिलं म्हणून परत मागं गेलो. शर्टाचं दोनदा सांगितलं. कुणी नाक ओढलं नाही. शेवटी मी म्हणालो, “तिनं विचारलं, तुम्हाला तेव्हा काय वाटलं होतं. मला आठवत नाही. त्यामुळं ही गोष्ट इथंच राहते.” आणि खाली बसलो. टाळ्या पडल्या नाहीत. शेजारच्या बाकावर एक नवीन माणूस होता, चौथ्या दिवसाचा, हातातली कपबशी वाजत असलेला. तो माझ्याकडं टक लावून बघत होता. मी त्याची बशी धरली आणि त्याच्या कानाशी म्हणालो, “ही माझी आहे बरं का. तुझी तुझ्या घरी जाऊन विचार.”

सभा संपली. तात्यांनी बाहेर पडताना माझा खांदा दाबला. मी सगळ्यांत शेवटी निघालो. आजही प्यालो नाही, एवढं एक हातात होतं, बाकी हात रिकामे. पोरगी उद्या जाणार होती.

आमच्या गटाच्या शाळेला पायऱ्या आहेत, तीन, काळ्या दगडाच्या. मधल्या पायरीवर पल्लवी बसली होती. ओढणी डोक्यावरून घेतलेली, हात पोटाशी धरलेले. जानेवारीतला दगड गार असतो. शेजारी भडंगाचा पुडा होता, फोडलेला, अर्धा संपलेला. शिपाई कुलूप हातात घेऊन मागं उभा होता.

मी दारातच थबकलो. “कधी आलीस?”

“झाला अर्धा-पाऊण तास.” तिनं पुडा माझ्याकडं सरकवला. “शिपाई दोनदा म्हणाला, आत जाऊन बोलवून आणू का. मी म्हटलं, नको. मी वाट बघते.”

मी तिच्या शेजारी बसलो. दगड खरंच बर्फासारखा होता.

“ह्या कोण तुमच्या?” शिपायानं मला विचारलं.

मी उत्तर द्यायच्या आत ती म्हणाली, “अप्पा आहेत माझे.” मग माझ्याकडं वळली. तिचे डोळे भरले होते, पण तोंड हसत होतं. “आता सांगा खुशाल, पोरगी पायरीवर बसली होती म्हणून.”